कोल्हापूर ते टोकियो : अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी?

मुलगा, मुलगी नोकरीला किंवा शिकायला जपानला गेली की कोल्हापुरातल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "विमानानं किती तास लागतात?" कुणी आठ सांगतं, कुणी बारा, कुणी तीस. तिघांचंही उत्तर बरोबर असतं, कारण तिघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. आठ-सव्वाआठ तास हा मुंबई–टोकियो थेट विमानप्रवासाचा वेळ. बारा तास हा तिकिटावर छापलेल्या निघायच्या आणि पोचायच्या वेळांमधला फरक. आणि तीस तास म्हणजे राजारामपुरीतल्या दाराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या घराची बेल वाजवेपर्यंत. आई-वडील पहिल्यांदा जाणार असतील तर त्यांच्या तब्येतीच्या, जेवणाच्या आणि औषधांच्या दृष्टीनं हा तिसराच आकडा कामाचा. नेमका तोच कुठल्याही तिकिटावर लिहिलेला नसतो. तो आपला आपण काढायचा असतो आणि तो काढणं अजिबात अवघड नाही.

दाखल्याला मी टोकियो घेतलं आहे. पण हीच रीत सोल, ओसाका, मनिला किंवा सिंगापूरलाही जशीच्या तशी लागू पडते.

आधी अंतर : गोल आणि दोरा

घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर काढा. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं टोकियोवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसेल. आता तोच दोरा विषुववृत्तावर गुंडाळून पूर्ण परीघ मोजा. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ ४०,०७५ किलोमीटर आहे. गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा असेल तर त्याचा परीघ साधारण ९४ सेंटीमीटर भरतो, म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर जवळजवळ ४२५ किलोमीटरचा. मुंबई ते टोकियो दोरा भरतो १६ सेंटीमीटर. गुणाकार केला की ६,८०० किलोमीटर येतात. खरं अंतर याच्या अगदी जवळ आहे.

दोरा काढायच्या आधी तो कुठून जातो ते मुलांना दाखवा. मुंबईहून निघून तो ईशान्येला चढतो, पाटणा आणि सिलिगुडीच्या शेजारून भूतानकडे जातो, तिबेटचं पठार आणि चीनचा सिचुआन प्रांत ओलांडतो, पीत समुद्र पार करून दक्षिण कोरियावरून जपानात उतरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई–टोकियो पट्टी ठेवून रेघ मारली तर ती मधल्या टप्प्यात याच्या सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेला जाते. सपाट कागदावर सरळ दिसणारी रेघ गोल पृथ्वीवर सरळ नसते. गोलावरच्या या जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात, आणि विमानाच्या अंतराचे जे आकडे आपण वाचतो ते याच वाटेचे असतात.

नेमका आकडा हवा असेल तर

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर साइन-कोसाइनची बटणं दिसतात. कोन अंशांत घेतोय ना, तेवढं आधी तपासा. मग दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. टोकियोचा नारिता विमानतळ ३५.७७ उत्तर, १४०.३९ पूर्व. रेखांशांतला फरक ६७.५२ अंश.

पहिल्यांदा दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.३२७ गुणिले ०.५८४, म्हणजे ०.१९१. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांच्या फरकाचा कोसाइन असे तीन आकडे गुणा : ०.९४५ गुणिले ०.८११ गुणिले ०.३८२, म्हणजे ०.२९३. दोन्हींची बेरीज ०.४८४. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन काढा (कॅल्क्युलेटरवर उलट कोसाइनचं बटण असतं). उत्तर येतं ६१ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. अंतर झालं सुमारे ६,७८० किलोमीटर. दहावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक उघडून बसलेल्या भाच्याकडून हे करून घ्या. या गणिताचा उपयोग काय, हा त्याचा प्रश्न तिथंच सुटतो.

वैमानिक अंतर सागरी मैलांत मोजतात. एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर.

आता कोल्हापूरचं. उजळाईवाडीच्या विमानतळापासून नारितापर्यंत थेट मोजलं तर सुमारे ६,८०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून जेवढं तेवढंच. अंतराच्या बाबतीत कोल्हापूर मुंबईपेक्षा मागं नाही. फरक पडतो तो उजळाईवाडीहून परदेशी विमानं उडत नाहीत म्हणून. १९३९ पासून असलेल्या या विमानतळाला २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत मिळाली, पण सेवा अजून देशांतर्गतच आहे. त्यामुळे आपल्याला आधी मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्ली गाठावी लागते.

विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही

दोरा तिबेटवरून जातो, विमानं मात्र शक्यतो तिबेट टाळतात. कारण समजून घेण्यासारखं आहे. विमानाच्या आतला हवेचा दाब कधी अचानक उतरला तर वैमानिकाला विमान झटपट सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली आणावं लागतं, म्हणजे प्रवाशांना मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. डोक्यावरून खाली पडणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटचं पठारच मुळी सरासरी ४,५०० मीटरच्या आसपास आहे. तिथं खाली यायला जागाच नाही. म्हणून भारतातून जपानकडे जाणारी विमानं बहुतेक वेळा बंगालच्या बाजूनं म्यानमारवर आणि तिथून चीनच्या युनान प्रांतावरून वळसा घेतात. शिवाय हवाई हद्दी, ठरलेले हवाई मार्ग आणि ढगांचे मोठे पट्टे आहेतच.

म्हणून कागदावरच्या अंतरात पाच ते सात टक्के वाढवून धरायची सवय लावा. मुंबई–टोकियोसाठी ६,७८० चे साधारण ७,२०० किलोमीटर होतात.

वेळ : जाताना कमी, येताना जास्त

मोठं जेट विमान उंचावर तासाला सुमारे ९०० किलोमीटरच्या वेगानं जातं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे ८ तास. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरणं आणि उतरल्यावर फाटकापर्यंत येणं यासाठी अर्धा तास धरा. साडेआठ तास झाले. पण हा वाऱ्याशिवायचा हिशेब आहे, आणि या मार्गावर वारा हीच मुख्य गोष्ट.

जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार झोत वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो जगातल्या सर्वांत जोरदार झोतांपैकी एक असतो, तासाला २०० किलोमीटरच्या पुढं सहज जातो. त्याची पहिली पद्धतशीर नोंद जपानमध्येच झाली. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात टोकियोच्या ईशान्येला तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगानं वाचावं म्हणून १९२६ मध्ये तो अहवाल एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला. एस्पेरांतो वाचणारे थोडे, त्यामुळे त्याकडे बाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. इतकं मोलाचं काम झाकून राहिलं याची आजही हळहळ वाटते.

आपल्या गणितात हा वारा असा बसवायचा. सबंध मार्गावर सरासरी ८० किलोमीटरचा वारा धरा. जाताना तो पाठीशी, म्हणून जमिनीवरचा वेग ९८०. ७,२०० ला ९८० नं भागलं की ७ तास २० मिनिटं, अधिक अर्धा तास, म्हणजे ७ तास ५० मिनिटं. येताना तोच वारा समोरून, वेग ८२०. वेळ पावणेनऊ तास अधिक अर्धा, म्हणजे सव्वानऊ. जानेवारीत वारा १२० धरलात तर परतीचा वेळ पावणेदहापर्यंत जातो. वेळापत्रकात विमान कंपन्या याशिवाय थोडा मोकळा वेळ ठेवतात. म्हणून भारत–जपान मार्गावर जाण्याच्या आणि येण्याच्या छापील वेळांत दीड-दोन तासांचा फरक दिसला तर तो छपाईतला घोळ समजू नका. परतीचं तिकीट काढताना, विशेषतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, पुढची जोडविमानं आणि बस-रेल्वे यांच्यासाठी जास्त मोकळीक ठेवा.

घड्याळाचा हिशेब

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. मुंबईहून सुटायची वेळ भारताची, टोकियोला पोचायची वेळ जपानची. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर ठरते, जपानची अकाशी शहरातून जाणाऱ्या १३५ अंशांवर. फरक ५२.५ अंश. पृथ्वी एका अंशाला ४ मिनिटं घेते, म्हणून २१० मिनिटं, अर्थात साडेतीन तास. जपान पुढं. दोन्ही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढं-मागं करायची पद्धत नाही, त्यामुळे हा साडेतीनचा आकडा बारा महिने तोच.

रात्री ८ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ७.४५ ला पोचणारं विमान दाखल्याला घ्या. नुसती वजाबाकी केली तर पावणेबारा तास. त्यातून साडेतीन काढा, सव्वाआठ उरले. तोच प्रत्यक्ष वेळ. परतीला उलट करायचं : सकाळी ११.१५ ला सुटून संध्याकाळी ५.४५ ला मुंबई, म्हणजे दिसायला साडेसहा तास, पण त्यात साडेतीन मिळवले की दहा. वेळेच्या पुढं लहान अक्षरात '+१' छापलेलं असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची आहे. स्टेशनवर घ्यायला येणाऱ्या मुलाला तारीख कळवताना हा +१ विसरला जातो, तेव्हा आवर्जून पाहा.

माझं ठाम मत असं की बेरीज-वजाबाकीच्या भानगडीत पडण्यापेक्षा सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहून काढाव्यात. टोकियोची वेळ दिसली की साडेतीन वजा, हाँगकाँग किंवा सिंगापूरची दिसली की अडीच वजा, बँकॉकची दीड वजा. एका कागदावर एकच घड्याळ असलं की चूक व्हायला जागाच राहत नाही, आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळाही त्याच कागदावर बसवता येतात.

शरीराला जाणवणारा फरक मात्र साडेतीन तासांपेक्षा मोठा असतो. कोल्हापूर ८२.५ च्या बरंच पश्चिमेला आहे, टोकियो १३५ च्या पूर्वेला. दोन्ही गावांच्या सूर्यांतला फरक सुमारे ४ तास २० मिनिटांचा भरतो. म्हणून जूनमध्ये टोकियोत पहाटे साडेचारलाच उजाडतं आणि डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. रंकाळ्यावर संध्याकाळी सातला फिरायला जाणाऱ्याला पहिले दोन-तीन दिवस हे अंगावर येतं. पडदे जाड असलेली खोली आधीच सांगून ठेवा. आणि कोल्हापुरातून रात्री ९ ला फोन केला तर तिकडं साडेबारा वाजलेले असतात, हे इकडच्या आजीलाही सांगून ठेवा.

मध्ये कुठं उतरायचं

थेट विमान मिळालं तर प्रश्नच नाही. पण कुठल्या शहरातून थेट सेवा आहे हे मोसमागणिक बदलतं, म्हणून तिकीट काढायच्या दिवशीच मुंबई, दिल्ली आणि बेंगळुरू अशी तिन्ही शहरं तपासा. बेंगळुरू–नारिता अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर, दिल्ली–नारिता ५,९००.

थेट नसेल तर मधलं शहर अंतरावरून निवडा. मुंबई–टोकियो सरळ ६,७८०. त्याऐवजी :

दिल्लीमार्गे सुमारे ७,०५०
हाँगकाँगमार्गे ७,२३०
बँकॉकमार्गे ७,६८०
सिंगापूरमार्गे ९,२८०
दुबईमार्गे ९,९००

सिंगापूरचा विमानतळ कितीही चांगला असला तरी त्या वाटेनं अडीच हजार किलोमीटर जास्त होतात, म्हणजे हवेतलेच जवळपास तीन तास वाढले. दुबईला जाणं म्हणजे पूर्वेला जायचं असताना आधी १,९०० किलोमीटर पश्चिमेला जाणं. तिकीट बरंच स्वस्त असेल आणि प्रवासी तरुण असेल तर घ्या. साठी ओलांडलेल्या माणसांना त्या वाटेनं पाठवू नका.

थांबा तीन ते चार तासांचा उत्तम. दीड तासाचा थांबा तिकिटावर छान दिसतो, पण पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की धावपळ होते. आठ तासांपेक्षा मोठा असेल तर पाठ टेकायची सोय आधी पाहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असणं. एकाच तिकिटावर असाल तर पहिल्या विमानाला उशीर झाला म्हणून दुसरं चुकलं तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि बॅग सहसा थेट शेवटच्या ठिकाणी जाते. दोन वेगळी तिकिटं स्वस्तात जोडलीत तर दुसरं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचा. शिवाय परदेशातल्या मधल्या विमानतळावर बॅग उचलायला बाहेर पडावं लागलं तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

कोल्हापूर ते मुंबई : सगळ्यात जास्त वेळ खाणारा टप्पा

विमानानं ३१० किलोमीटर, रस्त्यानं साधारण ३८०, रेल्वेनं मिरज-पुणे करत ५०० च्या पुढं. जपानच्या प्रवासात सगळ्यात कमी भरवशाचा भाग हाच, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

गाडीनं निघालात तर रिकाम्या रस्त्याचे सात तास कधीच धरू नका. तावडे हॉटेलपासून किणी टोलपर्यंत सुरळीत जातं. पुढं महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं, वळवलेले रस्ते, खंबाटकीचा घाट आणि पुण्याची बगल. पुण्यानंतर खंडाळ्याचा घाट, शनिवार-रविवारी तिथं अवजड वाहनं आणि सहलीच्या गाड्या एकत्र येतात. त्यापुढं वाशी ते अंधेरी, संध्याकाळी. चहा आणि जेवण धरून नऊ तास, आणि त्यावर दीड तास राखीव. पावसाळ्यात राखीव वेळ तीन तास करा, कारण पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्गच बंद पडू शकतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तो बंद पडला होता. हवामान खात्याचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.

रेल्वेनं जायचं तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. ती सकाळी मुंबईत पोचते. पूर्वी सीएसएमटीवरून सामान घेऊन अंधेरी गाठणं नकोसं व्हायचं. आता भुयारी मेट्रो ३ ची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे, आणि सीएसएमटीहून थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकापर्यंत जाता येतं. सामान जास्त आणि वय मोठं असेल तर दादरला उतरून टॅक्सी केलेली सोयीची. विमान रात्रीचं असेल तर हा पर्याय मला सगळ्यात पसंत आहे : रात्री गाडीत झोप, दिवसभर मुंबईत पाहुण्यांकडे आंघोळ-जेवण-आराम, आणि संध्याकाळी निवांत विमानतळ.

उजळाईवाडीहून विमानानं गेलात तर हवेतला वेळ तासाभराचा. पण दोन गोष्टी पाहा. एक, सामान. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोची मर्यादा असते, जपानच्या तिकिटावर मात्र २३ किलोच्या बॅगा चालतात. दोन्ही वेगवेगळी तिकिटं असतील तर जादा वजनाचे पैसे इथंच द्यावे लागतात. दुसरी, टर्मिनल. मुंबईत टी-१ आणि टी-२ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, एकातून दुसऱ्यात जायला बाहेर पडून रस्ता गाठावा लागतो. नवी मुंबईचा विमानतळ तर पनवेलकडे उलव्याला आहे. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून थांबू नका, विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचा. पावसाळ्यात ढग खाली उतरले की लहान विमानतळांवरची विमानं रद्द होतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं विमान आणि परदेशाचं विमान एकाच दिवशी जोडायचं मी टाळायला सांगेन.

आता उलटं मोजत या

समजा मुंबईहून हाँगकाँगमार्गे विमान रात्री ११.३० ला आहे (वेळा दाखल्यापुरत्या). सगळं भारतीय वेळेत लिहू.

सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर किंवा त्याहून आधी बंद होते. त्यानंतर सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनची रांग. म्हणून विमानतळावर रात्री ८.३० ला पोचायचं. त्यातून गाडीचे नऊ तास मागं गेलं की सकाळचे ११.३०. राखीव दीड तास आणखी मागं : सकाळी १० वाजता घरातून निघायचं. अंबाबाईचं दर्शन सकाळी घ्यायचं असेल तर ते आदल्या दिवशीच उरका, निघायच्या सकाळी रांगेत उभं राहू नका.

आता पुढं मोजा. रात्री ११.३० अधिक साडेपाच तास, पहाटे ५ ला हाँगकाँग. साडेतीन तासांचा थांबा, ८.३०. पुढचं विमान चार तासांचं, दुपारी १२.३० ला नारिता. त्या वेळी टोकियोच्या घड्याळात ४ वाजलेले असतात. इमिग्रेशन, बॅग आणि सीमाशुल्क सव्वा तास. मग रेल्वे, बदलाबदली आणि घरापर्यंतचं चालणं असे पावणेदोन तास. भारतीय वेळेनुसार दुपारी ३.३० ला, म्हणजे तिकडच्या ७ ला, मुलाच्या दारात.

सकाळी १० ते दुसऱ्या दिवशी दुपारी ३.३०, साडेएकोणतीस तास. त्यातले विमानातले फक्त साडेनऊ. हा कागद बघितला की कुठं वेळ वाचवता येईल तेही दिसतं : थेट विमान मिळालं तर पाच तास वाचतील, पण रस्त्यावरचा टप्पा आदल्या दिवशी उरकला तर प्रवाशाची जाग निम्म्यावर येईल. वयस्कर माणसांसाठी ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

टोकियोला उतरल्यावर

टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहराला लागून आहे. नारिता शहराच्या मध्यापासून ६० किलोमीटरहून दूर, शेजारच्या चिबा प्रांतात. नारिताहून टोकियो स्टेशनला नारिता एक्सप्रेस साधारण तासात नेते, आणि केइसेई स्कायलायनर निप्पोरी स्टेशनपर्यंत कमीत कमी ३६ मिनिटांत. दोन तिकिटांच्या दरात थोडाच फरक असेल तर हानेदाचं घ्या. रात्री उशिरा उतरणारं विमान मात्र टाळा. टोकियोच्या लोकल मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात आणि तिथली टॅक्सी खूप महाग आहे.

'व्हिजिट जपान वेब'वर माहिती आधी भरून क्यूआर कोड तयार ठेवला तर इमिग्रेशन आणि सीमाशुल्काचं काम लवकर होतं. कोडचा फोटो काढून ठेवा, उतरल्यावर नेट चालेलच असं नाही. आणि मटणाचं लोणचं, सुकं मटण बॅगेत घालू नका. जपानमध्ये मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, वरून दंड होऊ शकतो. ताजी फळं आणि भाज्याही नकोत. कांदा-लसूण चटणी दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको.

परतीचं

परतताना वारा समोरून, प्रवास लांब, आणि भारतात ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथंच इमिग्रेशन आणि सीमाशुल्क होतं. पुढं दुसऱ्या विमानानं जाणार असाल तरी बॅग सहसा तिथं उचलून पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी तीन तासांपेक्षा कमी जोडवेळ ठेवू नका.

मुंबईत रात्री उतरलात तर बॅग हाती येऊन बाहेर पडायला दीड तास धरा. साडेनऊच्या आत बाहेर पडलात तर रात्रीची स्लीपर बस चेंबूर, वाशी किंवा पनवेलहून गाठता येते. तिकीट मात्र पोचल्यावरच काढा, किंवा रद्द करता येईल असं काढा. त्यापेक्षा उशीर होणार असेल तर रात्र मुंबईत काढून सकाळी निघा. कोल्हापूरहून गाडी मागवणार असाल तर ड्रायव्हरला दुपारीच येऊन झोप घ्यायला सांगा आणि त्याच्या खोलीचे पैसे आधी द्या. दिवसभर गाडी हाकून आलेला माणूस मध्यरात्री पुन्हा चाकावर बसून खंडाळा आणि खंबाटकी ओलांडणार असेल, तर वाचलेले चार तास कामाचे नाहीत.